एका म्यानात दोन तलवारी: दोन सर्व्हर आणि एकच डिस्कपेटी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीचं ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) असो की शाहूपुरीतल्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, मागणी एकाच वळणाची असते. एक सर्व्हर आहे, दुसरा घेतो, दोघांना मिळून एक डिस्कपेटी जोडून द्या. एक पडला की दुसरा लगेच उभा राहिला पाहिजे. कोटेशनमध्ये हे दोन ओळींत मावतं. केबलीसुद्धा अर्ध्या तासात लागतात. मेख पुढे आहे. एका वेळी डिस्कवर हात कोणाचा, आणि पहिल्याने हात खरोखर काढलाय याची खात्री दुसऱ्याला कोण देणार? याचं उत्तर तयार नसेल तर दोन सर्व्हरपेक्षा एकच बरा. एक सर्व्हर पडला तर काम थांबतं, पण दोघांनी एकाच डिस्कवर लिहिलं तर डेटाच जातो.

एकाच गुंठ्याचे दोन सातबारे

ईएक्सटी४, एक्सएफएस, एनटीएफएस या रोजच्या फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्था, एकाच मालकासाठी बनलेल्या आहेत. कोणता ब्लॉक (डिस्कचा छोटा तुकडा) भरलाय, कोणता रिकामा, याचा नकाशा त्या मेमरीत आणून ठेवतात आणि त्यावरच कारभार चालवतात. डिस्कवर आणखी कोणी लिहीत असेल, हे त्यांच्या हिशेबातच नसतं.

समजा ‘अ’ आणि ‘ब’ या दोन सर्व्हरनी तीच ईएक्सटी४ डिस्क एकाच वेळी माउंट केली, म्हणजे वापरायला उघडली. ‘अ’ला बिलांची फाइल वाढवायची आहे; नकाशात एक ब्लॉक रिकामा दिसला, त्याने तो घेतला आणि लिहिलं. ‘ब’च्या मेमरीतला नकाशा सकाळचा. त्याच्या लेखी तो ब्लॉक अजून रिकामाच, म्हणून त्याने तिथेच स्टॉकचं रजिस्टर लिहिलं. एकाच गुंठ्याचे दोन सातबारे निघाले. वर दोघं एकाच जर्नलमध्ये (चालू बदलांच्या नोंदवहीत) आपापल्या नोंदी एकमेकांवर चढवत बसतात.

सगळ्यात वाईट म्हणजे तासभर काहीच बिघडलेलं दिसत नाही. जो तो आपल्या मेमरीतून वाचतो, त्यामुळे ‘अ’ला आपली फाइल ठीक दिसते आणि ‘ब’ला आपली. फार तर एका बाजूला केलेली नवी फाइल दुसरीकडे दिसत नाही, आणि ‘रिफ्रेश होत नसेल’ म्हणून कोणी लक्ष देत नाही. मग कधीतरी रीबूट होतं, फाइलसिस्टीमची तपासणी चालू होते आणि एकाच ब्लॉकवर अनेक फाइलींनी हक्क सांगितल्याच्या ओळी पडद्यावरून धावायला लागतात. तिथून परतीची वाट बॅकअपमधूनच जाते.

‘मग दुसऱ्यावर फक्त वाचण्यापुरतं माउंट करू’ ही पळवाट काही जण काढतात. तीही चालत नाही. रीड-ओन्ली माउंट करतानासुद्धा ईएक्सटी४ अर्धवट जर्नल आढळलं तर ते डिस्कवर पूर्ण करून टाकतं, म्हणजे लिहितंच. ते टाळायला ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो, एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’. ते दिलं तरी खालचा डेटा पहिला सर्व्हर बदलत असतोच, त्यामुळे वाचलेलं खरं असेल याची हमी नाही.

ईएक्सटी४मध्ये एक फुकटचं कुलूप आहे: एमएमपी, म्हणजे मल्टिपल माउंट प्रोटेक्शन. ‘ट्यून२एफएस’ने ते चालू केलं की माउंट करणारा सर्व्हर दर ५ सेकंदांनी एका ठरलेल्या ब्लॉकवर आपली खूण बदलत राहतो. दुसरा माउंट करायला आला की थोडा थांबून बघतो. खूण हलतेय असं दिसलं तर माउंट नाकारतो. झेडएफएस या आणखी एका फाइलसिस्टीमला हेच काम पूलवर (तिच्या डिस्कगटावर) ‘मल्टिहोस्ट’ चालू करून होतं, मात्र दोन्ही मशीनचे होस्टआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, वेगळे हवेत. क्लोन करून बनवलेल्या दोन सर्व्हरचा होस्टआयडी सारखाच निघतो आणि कुलूप असून नसल्यासारखं होतं. ही कुलपं शेवटच्या फळीची आहेत. क्लस्टरचं, म्हणजे दोन्ही सर्व्हरना एकत्र चालवणाऱ्या व्यवस्थेचं, काम त्यांच्यावर सोडायचं नाही.

दोन्ही सर्व्हरनी खरंच एकाच वेळी लिहायचं असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ अशी अनेक मालकांची फाइलसिस्टीम लागते. तिथे प्रत्येक फाइलीसाठी दोघं नेटवर्कवरून एकमेकांकडून कुलूप मागतात. कामाला येतं, पण छोट्या फाइलींच्या गर्दीत हळू चालतं, आणि एक सर्व्हर गप्प झाला की त्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याचंही वाचन-लेखन अडकून पडतं. ५०-१०० माणसांच्या ऑफिसला याची गरज मुळीच नाही. एक चालू, एक तयारीत, हीच रचना धरा. पुढचं सगळं त्याच रचनेबद्दल.

पेटी, कार्ड आणि केबल

जुन्या पॅरलल स्कझीच्या (डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीच्या) काळात एकाच पट्टीवर दोन सर्व्हर जोडायचे तर एका कार्डाचा आयडी ७ ठेवून दुसऱ्याचा ६ करावा लागायचा, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर. तिच्या पुढच्या पिढीत, सॅसमध्ये, ती कटकट गेली. आता लागतं ते असं: दोन आयओ मॉड्यूल (केबली लागतात ते भाग) असलेली जेबॉड, म्हणजे नुसत्या डिस्कांची पेटी, प्रत्येक सर्व्हरमध्ये बाहेरच्या पोर्टांचं एक सॅस एचबीए (डिस्क जोडायचं कार्ड), आणि चार केबली. ‘अ’च्या एचबीएचा पहिला पोर्ट वरच्या मॉड्यूलला, दुसरा खालच्या मॉड्यूलला, ‘ब’चंही तसंच. म्हणजे प्रत्येक सर्व्हरकडून प्रत्येक डिस्ककडे दोन वाटा. १२ गिगाबिटच्या पेटीला एसएफएफ-८६४४ टोकाची केबल लागते, जुन्या ६ गिगाबिटच्या पेटीला एसएफएफ-८०८८. जुनी पेटी आणि नवं कार्ड असेल तर एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरं अशी केबल मागवायची. लांबी १ ते ३ मीटर पुरे.

डिस्क मात्र सॅसच घ्यायची. सॅटा डिस्क त्याच खाचेत बसते, चालतेही, म्हणून घोटाळा होतो. सॅस डिस्कला दोन पोर्ट असतात, सॅटाला एकच. सॅटा डिस्क एकाच मॉड्यूलमधून दिसते. ते मॉड्यूल गेलं की डिस्क गेली, दुसरी वाट कोरडी. शिवाय पुढे सांगितलेलं स्कझी रिझर्व्हेशन सॅटाला कळत नाही. मोठ्या साइजच्या ७२०० फेऱ्यांच्या डिस्क ‘निअरलाइन सॅस’ म्हणून मिळतात. सॅटापेक्षा थोड्या महाग असतात, पण इथे पैसे वाचवू नका.

कार्ड साधं एचबीए हवं, रेड कार्ड (अनेक डिस्कांचा एक गट करून चालवणारं) नको. कारण नीट समजून घ्या. रेड कार्डावर बॅटरीवाली कॅश, म्हणजे लेखन तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, असते. ‘अ’ने लिहिलेला थोडा डेटा अजून त्या कॅशमध्येच आहे, डिस्कवर उतरलेला नाही, आणि ‘अ’ मेला. ‘ब’ने डिस्क उचलल्या, त्याला तो डेटा दिसत नाही. त्याने आपलं काम सुरू केलं, नवं लिहिलं. अर्ध्या तासाने कोणीतरी ‘अ’ परत चालू करतो. त्याचं कार्ड बॅटरीवर जपून ठेवलेला शिळा डेटा इमानदारीने डिस्कवर उतरवतं, थेट ‘ब’च्या ताज्या डेटावर. कार्डाने आपलं काम चोख केलं आणि त्यातच घात झाला. दोन कंट्रोलरच्या तयार स्टोरेज पेटीत हा धोका नसतो, कारण तिथे रेड पेटीच्या आत असतं आणि दोन्ही कंट्रोलर एकमेकांची कॅश आरशासारखी धरून ठेवतात. बजेट असेल तर तीच घ्यावी.

केबली लागल्या की लगेच मल्टीपाथ, म्हणजे दोन वाटांना एकच डिस्क म्हणून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू करायचं. नाहीतर प्रत्येक डिस्क दोनदा दिसते, एसडीबी आणि एसडीएन अशा नावांनी, आणि रीबूटनंतर नावांची अदलाबदल होते. डिस्कला नेहमी तिच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीने (न बदलणाऱ्या क्रमांकाने) ओळखायचं. मल्टीपाथची यादी काढल्यावर प्रत्येक डिस्कपुढे दोन वाटा दिसल्या नाहीत तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा केबलीचं टोक ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसलेलं नसतं.

‘दोन सर्व्हर आणि एक नॅस’ (नेटवर्कवरून डिस्क देणारी पेटी) ही जोडी अनेक ठिकाणी दिसते. आयस्कझीवरून, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या स्कझीने, दोघांना एकच लून (डिस्कचा वाटा) दिलेला असतो. तांत्रिकदृष्ट्या ठीक आहे, पण नॅसला पॉवर सप्लाय एक, मदरबोर्ड एक, आणि तोही त्याच स्विचवर. सगळा भार त्या एका नॅसवर येतो. सर्व्हर दोन करून बिघडण्याची जागा फक्त पुढे ढकलली. त्यापेक्षा डीआरबीडी (नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरवर डिस्कची प्रत ठेवणं) बरं, त्याकडे येतोच.

आधी खात्री, मग डिस्कला हात

‘ब’ला ‘अ’कडून उत्तर येणं बंद झालं. याचा अर्थ काय? ‘अ’ मेला असेल. किंवा त्याची नेटवर्क केबल निघाली असेल आणि तो मजेत डिस्कवर लिहीत असेल. किंवा लोडखाली २० सेकंद गोठला असेल आणि जागा झाल्यावर अर्धवट राहिलेलं लिहून टाकणार असेल. ‘ब’ला या तिन्हींतला फरक बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून तो ओळखायच्या भानगडीत पडतच नाही. आधी ‘अ’ची वीज तोडतो, तुटल्याचा पुरावा घेतो, मग डिस्क उचलतो. याला फेन्सिंग म्हणतात. लिनक्सवाल्यांनी त्याला ‘स्टोनिथ’ असं नाव दिलंय. फोड केली तर ‘दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला’. नाव रांगडं आहे, पण काम अगदी तेच.

सर्वात सोपं साधन म्हणजे सर्व्हरची आयपीएमआय (लांबून वीज चालू-बंद करायची सोय), प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ‘ब’ नेटवर्कवरून ‘अ’च्या बीएमसीला (त्यासाठी बोर्डावर असलेल्या वेगळ्या चिपला) सांगतो, वीज बंद कर. इथे तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, लिनक्स पॉवर बटण दाबल्यासारखं समजून सावकाश शटडाउन सुरू करतं. त्यासाठी लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये ‘हँडलपॉवरकी’ला ‘इग्नोर’ द्यायचं, म्हणजे वीज झटक्यात जाते. दुसरं, बीएमसीची केबल ज्या स्विचवर, त्याच स्विचवर क्लस्टरचा संवाद. स्विच गेला की दोन्ही एकदम गेले. तिसरं सर्वात महत्त्वाचं. ‘अ’च्या दोन्ही पॉवर केबली निघाल्या तर बीएमसीही मरते. ‘ब’ विचारत राहतो, उत्तर येत नाही, फेन्सिंग फसतं, आणि ‘ब’ डिस्कला हात न लावता बसून राहतो. लोक याला क्लस्टरचा दोष म्हणतात. त्याचं वागणं बरोबर आहे; पुरावा मिळाला नाही, म्हणून तो थांबला. दुसरी पायरी द्यायचं काम आपलं होतं.

ही दुसरी पायरी नेटवर्कवरून बंद करता येणारा पीडीयू, म्हणजे रॅकची वीजपट्टी, असू शकते. किंवा एसबीडी, जे सामायिक डिस्क असलेल्यांना जवळपास फुकट पडतं. पेटीतल्या एका डिस्कवर १० एमबीचं पार्टिशन काढायचं. प्रत्येक सर्व्हर तिथला आपला कप्पा सतत वाचत असतो. ‘ब’ने ‘अ’च्या कप्प्यात विषाची पुडी ठेवली की ‘अ’ ती वाचून स्वतःला तत्काळ रीबूट करतो. ‘अ’ गोठला असेल आणि वाचूच शकत नसेल, तर त्याचा हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे वेळेत खूण न मिळाल्यास मशीन पाडणारं घड्याळ, खाद्य न मिळाल्याने त्याला पाडतो. वॉचडॉगची मुदत ५ सेकंद असेल तर निरोप पोचला असं धरायची मुदत, म्हणजे ‘एमएसजीवेट’, त्याच्या दुप्पट, १० सेकंद. आणि क्लस्टरचा स्टोनिथ टाइमआउट त्याहून किमान २० टक्के जास्त, १२ सेकंद. हे गणित उलटं झालं तर ‘अ’ मरायच्या आधीच ‘ब’ त्याला मेलेला धरतो. मल्टीपाथची वाट बदलायला ५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर सगळेच आकडे वाढवा. एसबीडीचं पार्टिशन एलव्हीएम (डिस्कांची जागा एकत्र करून वाटणारा थर), सॉफ्टवेअर रेड किंवा डीआरबीडीवर ठेवायचं नाही, थेट डिस्कवरच. वॉचडॉगही खरा हवा. ‘सॉफ्टडॉग’ कर्नलमध्येच राहतो, कर्नल गोठलं की तोही गोठला.

तिसरा मार्ग स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशनचा. प्रत्येक सर्व्हर डिस्कवर आपली चावी नोंदवतो आणि ‘नोंद असलेल्यांनीच लिहायचं’ अशी राखण बसते. ‘ब’ने ‘अ’ची चावी उडवली की ‘अ’चं प्रत्येक लेखन डिस्क स्वतःच परत पाठवते, लॉगमध्ये ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ असं दिसतं. वीज तोडायची गरज नाही, नेटवर्कचीही नाही. ‘एसजी पर्सिस्ट’ने चाव्या वाचल्या की दोन सर्व्हर आणि प्रत्येकी दोन वाटा मिळून चार नोंदी दिसायला हव्यात. दोनच दिसल्या तर एका वाटेवर नोंदणी झालेली नाही, आणि वाट बदलली की जिवंत सर्व्हरचंच लेखन नाकारलं जाईल. मल्टीपाथ असेल तर साध्या ‘फेन्स स्कझी’ऐवजी ‘फेन्स एमपाथ’ वापरायचं ते यासाठीच.

इंटरनेटवरच्या कितीतरी धड्यांत पहिल्याच पानावर ‘स्टोनिथ-एनेबल्ड’ला ‘फॉल्स’ करायला सांगतात, म्हणजे प्रयोग पटकन चालावा. ती ओळ तिथेच राहते आणि प्रॉडक्शनमध्ये जाते. सामायिक डिस्कवर असं करणं म्हणजे रंकाळ्यात पोहायला जाताना पोहणाऱ्या मित्राला घरी ठेवून जाण्यासारखं.

दोघांच्या पंचायतीत तिसरं मत

दोन सर्व्हरमध्ये बहुमत होत नाही. एकमेकांचं दिसणं बंद झालं की दोघंही स्वतःला शहाणा समजतात. कोरोसिंकमध्ये, म्हणजे दोघांमधला संवाद सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘टू-नोड’ १ केलं की एकट्यालाही काम चालू ठेवता येतं, आणि त्याच्याबरोबर ‘वेट-फॉर-ऑल’ आपोआप लागू होतं: थंड अवस्थेतून उठताना दोघंही एकदा भेटल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. हे बंद करू नका. बंद केलं तर फेन्स होऊन परत उठलेला सर्व्हर दुसरा दिसत नाही म्हणून त्यालाच पाडतो, तो उठून याला पाडतो, आणि रात्रभर दोघांची कुस्ती चालते. खासबागेत कुस्ती बघायला मजा येते, सर्व्हर रूममध्ये नाही.

दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना गोळी घालण्याचीही शक्यता असते. त्यावर उपाय म्हणजे एकाला सवलत: ज्या सर्व्हरवर काम चालू आहे त्याच्या फेन्सिंगला ५-१० सेकंदांचा विलंब. पेसमेकरमध्ये (कोणतं काम कुठे चालवायचं ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘प्रायॉरिटी-फेन्सिंग-डिले’ हेच करतं, आणि काम ज्या बाजूला असेल तिथे सवलत आपोआप फिरते. याहून चांगलं म्हणजे खरं तिसरं मत. एक रास्पबेरी पाय किंवा कुठलाही छोटा लिनक्स पीसी घेऊन त्यावर क्यूनेटडी हा मत देणारा प्रोग्रॅम चालवायचा, टीसीपी पोर्ट ५४०३ उघडा ठेवायचा. तो डिस्कला जोडलेला नसतो, फक्त मत देतो. शक्यतो वेगळ्या खोलीत, वेगळ्या यूपीएसवर.

एमआयडीसीत एक गोष्ट हमखास नडते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यात इंडक्शन फर्नेसचा भार चढ-उतार होतो, व्होल्टेज क्षणभर बुडतं, जनरेटरवर जाताना काही सेकंद अंधार होतो. सर्व्हर यूपीएसवर असल्याने त्यांना पत्ता लागत नाही. पण २४ पोर्टचा स्विच भिंतीवरच्या साध्या सॉकेटला असतो. तो रीबूट व्हायला मिनिटभर घेतो. दोन्ही सर्व्हर जिवंत, पण एकमेकांना दिसत नाहीत, आणि कोरोसिंकची टोकन मुदत (उत्तराची वाट बघायची वेळ) मुळात ३ सेकंदांची. फेन्सिंग सुटतं. ‘क्लस्टर लावल्यापासून सर्व्हर जास्त पडतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. दोन उपाय एकत्र करा: स्विच यूपीएसवर, आणि कोरोसिंकला दोन वाटा, एक स्विचमधून आणि दुसरी सर्व्हर ते सर्व्हर थेट केबल. दोन पॉवर सप्लाय असतील तर एक एका यूपीएसवर आणि दुसरा दुसऱ्यावर. पेटीचेही तसेच, तिला लोक विसरतात.

चढण्याचा क्रम

पेसमेकरमध्ये एकाच गटात, या क्रमाने: एलव्हीएम, मग फाइलसिस्टीम, मग डेटाबेस किंवा एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारी सेवा), शेवटी फिरता आयपी (चालू सर्व्हरसोबत जाणारा पत्ता). उतरताना उलट. आयपी आधी लावला तर लोकांची मशीनं अर्धवट उठलेल्या डेटाबेसवर येऊन आपटतात.

एलव्हीएमला सिस्टीमआयडी द्यायचा, म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप ज्याच्या नावावर त्यालाच तो उघडता येतो. मालकी बदलायचं काम पेसमेकर करतो. बूटच्या वेळी व्हॉल्यूम ग्रुप आपोआप सुरू होणार नाही हे बघायचं. या डिस्कची नोंद एफएसटॅबमध्ये (बूटला माउंट करायच्या डिस्कांच्या यादीत) असता कामा नये. डेटाबेसची सेवा सिस्टमडीमध्ये ‘डिसेबल’ हवी. या तिन्हींपैकी एक जरी राहिली तर क्लस्टरला न विचारता सर्व्हर स्वतःच डिस्क उघडतो आणि वरच्या सातबाऱ्याच्या गोष्टीकडे परत येतो. एनएफएस असेल तर त्याची स्थिती ठेवणारं फोल्डर सामायिक डिस्कवर न्यायचं आणि एक्स्पोर्टला दोन्हीकडे एकच एफएसआयडी द्यायचा, नाहीतर बदलानंतर सगळ्या क्लायंटवर ‘स्टेल फाइल हँडल’ येतं.

वेळ किती लागतो ते आधीच मालकांना सांगून ठेवा. टोकन ३ सेकंद, त्यावर एकमत होण्याचे ३.६, फेन्सिंगचे साधारण १०, माउंट आणि जर्नलचे काही सेकंद, आणि डेटाबेस स्वतःला सावरायला घेईल तो वेळ, जो रीडू लॉगच्या आकारावर अवलंबून. एक-दीड मिनिट धरा. तेवढ्यात चालू असलेलं बिल तुटतं, परत लॉगइन करावं लागतं. ‘कोणाला कळणारसुद्धा नाही’ असं वचन देऊ नका.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात: फेलओव्हर क्लस्टरिंग, तीच सॅस पेटी, आणि क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम, जे सर्व्हर २००८ आर२पासून आहे. व्हॅलिडेशनच्या चाचण्या पूर्ण चालवा, स्टोरेजची वगळू नका. पर्सिस्टंट रिझर्व्हेशन तिथेच तपासलं जातं. तिसऱ्या मताचा साक्षीदार म्हणून डिस्क, फाइल शेअर किंवा क्लाउड, यांतलं एक द्याच.

पेटीच नको असेल तर

छोट्या ठिकाणी बहुतेकदा हेच योग्य ठरतं. डीआरबीडीमध्ये प्रत्येक सर्व्हरला स्वतःच्या डिस्क, आणि एकावर लिहिलेला प्रत्येक ब्लॉक नेटवर्कवरून दुसऱ्यावर. व्हिएन्नाच्या लिनबिटचं हे काम २०१०मध्ये २.६.३३ आवृत्तीत लिनक्स कर्नलमध्ये आलं. इथे रेड कार्ड बिनधास्त वापरा, कारण कॅश आणि डिस्क एकाच सर्व्हरच्या.

प्रोटोकॉल सी ठेवायचा: दोन्हीकडे लिहिलं गेल्यावरच ‘झालं’ म्हणायचं. म्हणून लेखनाचा वेग केबलीच्या वेगाला बांधला जातो. १ गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० एमबी, त्याहून जास्त नाही, डिस्क कितीही वेगवान असो. १० गिगाबिटची दोन कार्डं आणि मध्ये स्विच न घालता एक थेट केबल, यात खर्च फारसा नाही. मेटाडेटाला दर टीबीमागे सुमारे ३२ एमबी जागा सोडायची. ४ टीबीचं पहिलं सिंक १ गिगाबिटवर पूर्ण वेगाने १० तास खातं. चालू कामात सिंकला एक तृतीयांश वेग द्यावा हा संकेत पाळला तर सव्वा दिवस. डिस्क कोऱ्या असतील तर पहिलं सिंक वगळता येतं. नंतर तुटून जोडलं तर फक्त बदललेले ब्लॉक जातात.

फेन्सिंग इथेही हवंच, नाहीतर स्प्लिट-ब्रेन: केबल तुटली, दोघंही प्रायमरी (लिहिणारे) झाले, दोन्हीकडे वेगवेगळी बिलं लिहिली गेली. परत जोडताना दोघं ‘स्टँडअलोन’ होऊन हटून बसतात. तेव्हा घाई करू नका. आधी दोन्हीकडच्या डेटाची वेगळी प्रत काढा. मग कोणाचा डेटा टाकायचा हे माणसाने ठरवायचं, म्हणजे हिशेब बघणाऱ्याने, कॉम्प्युटरवाल्याने नव्हे. हरलेल्या बाजूला डीआरबीडीॲडमने डिसकनेक्ट, मग सेकंडरी, मग ‘डिस्कार्ड-माय-डेटा’ देऊन कनेक्ट. जिंकलेल्या बाजूला नुसतं कनेक्ट. ही आज्ञा चुकून उलट्या मशीनवर दिली तर चांगला डेटा पुसला जातो. आधी होस्टनेम वाचा, मोठ्याने वाचा.

पाणी आणि रॅक

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५० फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, नागाळा पार्कच्या सखल भागात तळमजल्यावरच्या रॅकमध्ये दोन्ही सर्व्हर आणि पेटी असतील तर तिन्ही एकदम पाण्यात. सॅस केबल खोलीबाहेर जाण्यासाठी नाहीच. डीआरबीडी असेल तर निदान एक सर्व्हर तळमजल्यावर, दुसरा तिसऱ्या मजल्यावर ठेवता येतो; इमारतीतल्या अंतराला प्रोटोकॉल सी कुरकुरत नाही.

गावाबाहेर, उंचावर तिसरी प्रत हवी असेल तर प्रोटोकॉल ए (दुसरीकडे लिहिलं जायची वाट न बघणारा) आहे, पण १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला १२ एमबीच्या आसपास जातं. पाठवायचा बफर भरला की चालू सर्व्हरही अडतो. दिवसाचा बदल ५० जीबी असेल तर रात्री स्नॅपशॉट काढून पाठवणं सोपं, सव्वा तासात उरकतं. आणि ती प्रत हवीच, कारण कोणी चुकून टेबल उडवलं तर क्लस्टर ती चूक दोन्हीकडे तितक्याच निष्ठेने पोचवतो. पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो, माणूस पोचत नाही. म्हणून आयपीएमआय व्हीपीएनमधून घरून उघडता आली पाहिजे. थेट इंटरनेटवर मात्र ती कधीच नको.

पाडून बघणं

चाचणी म्हणजे शटडाउनची आज्ञा देऊन बघणं नव्हे. तेव्हा सगळं सभ्यपणे बंद होतं. डेटाबेसवर लेखन चालू असताना चालू सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबली ओढा. मग नेटवर्कच्या सगळ्या केबली ओढा, वीज चालू ठेवून. मग सिसआरक्यू ट्रिगरला ‘सी’ देऊन कर्नल पाडा. मग कॉपी चालू असताना एक सॅस केबल काढा; काम काही सेकंद अडखळून चालू राहिलं पाहिजे आणि फेन्सिंग होता कामा नये. शेवटी दोन्ही सर्व्हर बंद करून एकच चालू करा. तो वाट बघत बसला तर ‘वेट-फॉर-ऑल’ जागेवर आहे. प्रत्येक वेळी घड्याळ लावून सेकंद लिहून ठेवा.

यासाठी खंडेनवमीचा दिवस सोयीचा. यंत्रं पूजेला बंद असतात, सर्व्हरलाही हळदकुंकू लागतं. हळदकुंकू पुढच्या जाळीवर नको, आतल्या पंख्यांनी ते ओढून घेतलं की साफसफाई वेगळीच.

पडलेला सर्व्हर परत आला की काम आपोआप त्याच्याकडे जाऊ देऊ नका. रिसोर्स-स्टिकिनेस १०० वगैरे देऊन ठेवा, म्हणजे काम जिथे आहे तिथेच राहतं. पेसमेकरही बूटला आपोआप सुरू नको. आधी लॉग वाचा, तो का पडला ते कळू द्या, मग हाताने सुरू करा.